आरशाचं काय?

डच चित्रकार रेम्ब्रांच्या आत्मचित्रांत एक डोळा बाहेर वळलेला दिसतो, म्हणून त्याला खोली (वस्तू किती जवळ-लांब आहेत ते) जाणवत नसावी, असं म्हटलं जातं. २००४ साली लिव्हिंगस्टन आणि कॉनवे या संशोधकांनी हेच मांडलं. त्यांची जमेची बाजू म्हणजे एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर रेखाटून छापलेल्या चित्रांत) नेमका दुसऱ्या बाजूचा डोळा वळतो. छापताना चित्र उलटतंच, हिशेब जुळतो. तरी मला पटत नाही. इथे कोल्हापुरात व्यक्तिचित्रण शिकताना आम्ही आरशासमोर बसायचो. एक बुबुळ रंगवताना नजर त्याच्यावरच खिळते, मग दुसऱ्यावर. दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेली, मग ती जुळतीलच असं नाही!

जर्मन चित्रकार ड्यूररची गोष्ट वेगळी. उघड्या अंगाच्या रेखाचित्रात तो पोटाच्या डावीकडे पिवळ्या डागावर बोट ठेवतो आणि लिहितो, इथे दुखतंय. त्यावरून पाणथरी (प्लीहा) सुजल्याचा तर्क रास्त. मलेरियात ती सुजते खरी, पण थेट मलेरिया म्हणायला तेवढं पुरत नाही.