गावाकडच्या मटनवाल्या परमिट रूमला नुस्तं प्यायला जावं का नाही?

पाराखालचा:
राम राम मंडळी. प्रश्न जरा येडपट हाय पण दुसरीकडं कुठं विचारणार म्हणून इथं टाकतो. लातूरहून औश्याकडं जाताना हायवे सोडून आत एका गावात एक परमिट रूम हाय, नाव घेत नाही, मालक ओळखीचा हाय. आधी ते हायवेलाच होतं, पत्र्याचं शेड, चार प्लॅस्टिकचे टेबल, खाली शेंगाची टरफलं अन् मालक स्वतः बनियनवर काउंटरला. एक चिल्ड बियर, दोन उकडलेली अंडी, दोन तास गप्पा, विषय संपला. आता तिथं लॉन हाय, लिंबाच्या झाडाला लाइटिंग हाय, पोरांना झोका हाय अन् लातूरची लोकं बायकापोरं घेऊन काळ्या मसाल्याचं मटन खायला नंबर लावून थांबतात.

परवा रविवारी मी अन् मेव्हणा गेलतो. वेटरनं पहिलाच प्रश्न टाकला, जेवायला का? म्हणलं आधी बियर आण, मग बघू. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. झाडाखाली आठ खुर्च्या रिकाम्या, त्यावर 'राखीव' अशी पाटी, अन् आम्हाला बसवलं आत, मोरीच्या शेजारच्या खोलीत, जिथं पंखा नुस्ता कुरकुरतो, वारं काही लागत नाही. चखण्याला खारे शेंगदाणे मागितले तर म्हणे ठेवत नाही साहेब, सुक्कं हाफ घ्या. शेंगदाणे नाहीत ओ, आपल्या लातुरात! दीड तासात तीनदा येऊन गेला, जेवण लावू का जेवण लावू का. ज्याच्या पैशावर हॉटेल उभं राहिलं तोच आता नकोसा झाला असं वाटलं बघा. तर मला सांगा, असल्या जागी नुस्तं प्यायला जावं का, अन् गेलं तर बसायची रीत काय?

भट्टीसमोर:
दादा मी बीडकडं छोटं हॉटेल चालवतो तर मालकाच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका. तुम्ही दोघं दोन बियरवर दीड तास बसला, तेवढ्यात त्याच टेबलवर एक कुटुंब जेवून हात धुवून जातं अन् दुसरं बसतं. रविवारी संध्याकाळी सातनंतर तर तुमचा टेबल आम्हाला घाट्यातच.

दुसरं, झाडाखाली बसवलं नाही त्याचं कारण तुम्ही समजता ते नसंल. परमिट रूमचं लायसन ज्या जागेच्या नकाशावर मंजूर होतं तेवढ्याच जागेत दारू द्यायची असते, लॉन त्यात नसंल तर तिथं बाटली दिसली की एक्साइजवाले धरतात. ती मोरीजवळची खोली हीच खरी परमिट रूम, लॉन म्हणजे नुस्तं हॉटेल. वेटरनं हे नीट सांगायला पायजे होतं ही चूक त्याची.

अन् हे सगळं बदललं कधी ते आठवा. सुप्रीम कोर्टानं 2016 च्या डिसेंबरात निकाल दिला, 1 एप्रिल 2017 पासून हायवेच्या 500 मीटरच्या आत दारू बंद, वीस हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावाला 220 मीटर. माझ्याकडं कित्येक महिने काउंटर बंद होतं. वेटरला पगार तर द्यायचा, मग आईनं येसर, म्हणजे रश्श्याचा मसाला, करून दिला, बायकोनं भाकरी थापल्या अन् नुस्तं मटन विकून दिवस काढले. लायसन परत चालू झालं तवर गिऱ्हाईक बदललं होतं. तुमच्या मालकाचं पण असंच झालं असणार, उगी माजला म्हणू नका त्याला.

हापसा_बियर:
मी उदगीरचा, सध्या इंग्लंडमध्ये, गावाला आलो की हाच तमाशा बघतो म्हणून लिहितो. तिकडं असल्या जागेला गॅस्ट्रोपब म्हणतात. अन् गंमत म्हणजे तिथं पण सुरुवात कायद्यापासूनच आहे. 1989 ला सरकारनं 2000 पेक्षा जास्त पब असलेल्या मोठ्या बियर कंपन्यांना त्यावरच्या निम्म्या पबवरची पकड सोडायला लावली, मग पब बाहेरच्या माणसाला मिळायला लागले, अन् 1991 ला लंडनला फॅरिंगडन रोडवर 'द ईगल' नावाच्या पबमध्ये दोघांनी बारच्या काउंटरलाच चूल मांडली म्हणा ना. तिथून हा शब्द आला. आता खेड्यापाड्यात पोचलंय अन् तिथले म्हातारे पण तुमच्यासारखेच कुरकुरतात, की आमच्या खुर्चीवर 'रिझर्व्ह्ड'ची पाटी आली म्हणून.

पण तिथं एक रीत चांगली आहे. आत गेलं की सरळ काउंटरला जायचं, तिथंच मागायचं, तिथंच पैसे द्यायचे अन् काउंटरजवळच्या स्टुलावर नाहीतर उभ्या उभ्या प्यायची. जेवणाऱ्याच्या टेबलला हातच लावायचा नाही. मी पहिल्यांदा गेलो तर वेटर येईल म्हणून पाऊण तास टेबलवर बसून राहिलो, कुणी फिरकलं नाही, शेवटी शेजारच्या आज्जीनं खुणावलं. पाईंट म्हणजे 568 मिली, तळघरातल्या पिंपातून हापश्यासारखा दांडा ओढून काढतात, अन् ती आपल्यासारखी बर्फागत नसते, 11 ते 13 अंशावर असते. पहिला घोट घेतला तवा वाटलं फ्रिज बंद पडलाय का काय. नंतर चटक लागली ती वेगळी गोष्ट. आपल्याकडं वाळूजला बियरचे एवढे मोठे कारखाने, अन् गावातल्या फ्रिजात तीच दोन-तीन नावं, याचं मला कायम वाईट वाटतं.

तर माझं म्हणणं, मालकाला सांगून काउंटरजवळ चार उंच स्टूल टाकायला लावा, टेबलचा वादच मिटतो.

साधासुधा_नांदेड:
काय करूलालाव राव एवढा इचार. वाइन शॉपमधून घ्या अन् घरी बसा. बारमधी वरून व्हॅट हाय, तो पण 2023 च्या नोव्हेंबरात 5 टक्क्याचा 10 केला. अन् गावाकडं प्यायला जाऊन माघारी गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. आपल्याकडं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्याच वेळी 10 हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत जेल, नाहीतर दोन्ही.

हापसा_बियर:
@साधासुधा बरोबर. इंग्लंडमध्ये ती मर्यादा 80 आहे, तरी पण खेड्यातल्या पबला हाच फटका बसला, कारण चालत जाणारा गावातला पिणारा कमी झाला अन् गाडी घेऊन येणारा जेवणारा वाढला. ड्रायव्हर एका ग्लासावर थांबतो, मग बिल वाढणार कशानं, ताटानंच.

चिंचेचा_ठेचा:
एका बाईनं बोललेलं चालेल का इथं? आम्ही संभाजीनगरला राहतो, माहेर परभणीकडं. दहा वर्षांपूर्वी रस्त्यात भूक लागली तर 'परमिट रूम' पाटी दिसली की नवरा गाडी थांबवायचा नाही, कारण आत सगळी पुरुष मंडळी अन् बायकांना बाथरूम नाही. आता निदान लॉनवर बसून पोरांना भाकरी-रस्सा खाऊ घालता येतो. तुमची ती टरफलांची मजा गेली हे कळतं मला दादा, पण ती मजा निम्म्या लोकांना कधी मिळालीच नव्हती.

अन् माझ्या मावशीच्या गावात बायकांनी मतदान करून आडवी बाटली केली, निम्म्यापेक्षा जास्त मतं पडली अन् दुकानच बंद झालं. तिथला मालक जेवणाकडं वळला असता तर कदाचित त्याच्यावर एवढा राग नसता निघाला. तुमचा मालक हुशार आहे असं मला वाटतं.

भट्टीसमोर:
ताई अगदी खरं. पण पिणाऱ्याला शेंगदाणे न ठेवणं हे मात्र मला पण पटलं नाही. ते असायलाच पायजेत, त्याला काय गॅस जळतो का.
दादा, रीत विचारली तुम्ही म्हणून सांगतो. मंगळवार-बुधवार बघा, पाचला जा, साडेसातच्या आत उठा. सोबत बाहेरची क्वार्टर आणू नका, मालकाला सगळ्यात जास्त चीड त्याची येते. बसल्या बसल्याच एक हाफ सुक्कं सांगून टाका, मग वेटर परत विचारत नाही. शंभराच्या बिलाला वीस ठेवा, पुढच्या वेळी कुरकुऱ्या पंख्याखालून हलवतो का नाही बघा. अन् दारू प्यायचा एक दिवसाचा परवाना काउंटरवर करून घ्या, 5 रुपयाचा असतो, कुणी मागत नाही पण रेड पडली की आठवतो.

पाराखालचा:
आलो जाऊन. मंगळवारी पाच वाजता, मेव्हण्याला नाही नेलं, त्याच्या भावाच्या रिक्षानं गेलो अन् त्यालाच थांबवून ठेवलं. लॉनवर कुणीच नव्हतं, झोक्यावर मालकाची नात. मालक स्वतः आला, म्हणला लई दिवसांनी. लायसनच्या नकाशाचं विचारलं तर हसला, म्हणला तुला कुणी सांगितलं रे. तेच होतं, लॉन नकाशात नाही, अर्ज दिलाय म्हणे. खोलीत खिडकीजवळ बसवलं, तिथून झाड दिसतं. हाफ सुक्कं सांगितलं, खरं सांगू, मटन एक नंबर हाय, आधी कधी खाल्लंच नव्हतं, दहा वर्षं अंड्यावरच काढली. स्टुलाचं सांगितलं तर म्हणला बघतो.
शेंगदाणे मागितले. नातीला दुकानात पिटाळलं अन् पुडी आणून दिली, बिलात लावली नाही. टरफलासकट होते, पण टरफलं खाली टाकायची नाहीत म्हणून वर प्लेट ठेवली.