थंडीत चालणं बंद पडलंय आणि वजन तिथेच अडकलंय - मदत हवी आहे

पुन्हा_सुरू :

मंडळी नमस्कार, एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

तर झालंय असं की उन्हाळ्यापासून वजन कमी करणं बऱ्यापैकी जमत होतं. फार काही करत नव्हते, सकाळी उठून झपझप चालायचं आणि खाण्यावर जरा लक्ष, बस. ८४ वरून ७८ वर आले, कपडे सैल झाले, लोक विचारायला लागले आणि तेवढ्यात थंडी पडली. आता अलार्म वाजतो तेव्हा बाहेर मिट्ट काळोख, पांघरुणातून हात बाहेर काढला की परत आत. संध्याकाळी घरी येईपर्यंत पुन्हा अंधार. ऑफिसात दिवसभर बूड खुर्चीला चिकटलेलं. चालणं आधी एक दिवसाआड झालं मग रविवारपुरतं आणि आता तेही नाही, आणि काटा ७८ वरच, मधूनच ७९ दाखवतो.

त्यात लहानपणी दमा होता. आता रोजचं औषध नाही, पण गार हवेत भरभर चाललं की छाती आवळल्यासारखी होते आणि घरी आल्यावर बराच वेळ कोरडा खोकला येत राहतो. घरात व्हिडिओ लावून बघितले, कंटाळा येतो आणि माझ्या उड्यांचा खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होतो. जिमच्या वेळा माझ्या वेळांशी जुळत नाहीत त्यामुळे "जिम लाव" कृपया सांगू नका.

आणि भूक! संध्याकाळी काहीतरी गरम आणि गोड किंवा तळलेलं हवंच असतं, हे थंडीने होतं की माझे लाड आहेत?

थंडी संपेपर्यंत निदान आहे तिथे टिकून राहायचं असेल तर काय करू? तुम्ही लोक थंडीत नक्की काय करता ते सांगा.

उठा_पळा :

थंडी वगैरे सगळे बहाणे. बूट पलंगाशेजारी ठेवायचे, अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उठलं की विचार न करता बाहेर. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

निवांत :

उठा_पळा, तुम्हाला जमतं छान आहे, पण त्यांना श्वासाचा त्रास होतोय, दिवसातल्या सगळ्यात गार वेळी बाहेर ढकलून काय मिळणार?

पुन्हा_सुरू, माझ्या मते अडचण चालण्यात नाहीये, "सकाळीच" मध्ये आहे. हवा सर्वात गार असते ती सूर्य उगवायच्या आसपास, दुपारी त्यामानाने बरीच सुसह्य असते. जेवणाच्या सुट्टीत १५ मिनिटं बाहेर पडा, ऑफिसला जाता-येता थोडं चाला. सलग अर्धा तास हवा असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि एका वेळी किमान १० मिनिटं हवीतच ही आधीची अट त्यांनी काढून टाकली. तुकडे चालतात. शिवाय आठवड्यातून २ दिवस स्नायूंचा व्यायाम, तो मात्र सगळे सोयीस्करपणे विसरतात.

दुपारचा आणखी एक फायदा म्हणजे उजेड. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. थंडीत मरगळ येते त्यात उजेड कमी मिळण्याचा मोठा हात असतो.

काटेकोर :

जरा हिशोब मांडते. ७८ किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं तर साधारण १६०-१७० कॅलरी जातात. आठवड्यात ६ दिवस धरले तर हजार. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे नुसतं चालणं बंद पडलं म्हणून काटा इतका हट्टाला पेटणार नाही. वजन ६ किलो उतरलंय तर शरीराला आता लागतंही पूर्वीपेक्षा कमी, आणि वर तुमचं ते संध्याकाळचं तळलेलं, ते दोन-चार घासांत चालण्याचा हिशोब फेडून टाकतं. लाड आहेत की थंडी, तर दोन्ही! थंडीत बऱ्याच लोकांची भूक वाढते. पण संध्याकाळी खा-खा होते तेव्हा दुपारचं जेवण तुटपुंजं होतं का तेही बघा, त्यात प्रथिनं वाढवा, फरक पडेल. गरमच हवं असेल तर पातळ आणि गरम काहीतरी आधी प्या, मग ठरवा.

पाणीसुद्धा. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळतच नाही.

आणि "थंडीत कुडकुडलं की चरबी जळते" हे कोणी सांगेल इथे, त्याआधीच सांगते. कुडकुडण्यात ऊर्जा खर्च होते हे खरं, मोठ्या माणसांतही तपकिरी चरबी (ऊर्जा जाळून उष्णता तयार करणारी) असते हेही २००९ मध्ये नीट दिसलं, पण त्याच्या जिवावर वजन उतरवायला बसू नका.

झुळूक :

मी कपड्यांबद्दल लिहिते कारण निम्मे लोक तिथेच हरतात. घरातून निघताना छान उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झालेत असं समजायचं, दहा मिनिटांत घाम येणार आणि तोच घाम मग गार करणार. निघताना किंचित थंडी वाजायला हवी. अंगालगतचा थर सुती नको, सुती कापड घाम धरून ठेवतं. घाम बाहेर टाकणारं स्पोर्ट्सचं कापड किंवा पातळ लोकर, त्यावर एक उबदार थर, वाऱ्याचं असेल तर वर विंडचीटर. वारा फार महत्त्वाचा. तापमान ५ अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर अंगाला शून्यासारखं लागतं. त्यामुळे जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतताना वारा पाठीवर घ्या, घाम परतीच्या वेळी जास्त असतो म्हणून.

टोपी घाला, पण निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही मात्र थाप आहे हं, डोकं म्हणजे शरीराचा दहावा हिस्सासुद्धा नाही. कान दुखतात म्हणून घालायची.

निवांत :

दम्याबद्दल मघाशी राहिलं. भरभर चालताना आपण तोंडाने श्वास घेतो, गार आणि कोरडी हवा थेट आत जाते, श्वासनलिका कोरड्या पडून आकसतात आणि मग छाती आवळणं, नंतरचा खोकला. तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच वाटतंय, पण हे डॉक्टरांनी तपासून सांगायला हवं, आम्ही नाही. व्यायामाआधी घ्यायचा इनहेलर असतो, गरज असेल तर ते देतील. तोवर नाकातोंडावर मफलर (आतली हवा ओलसर आणि कोमट राहते) आणि घरातच दहा मिनिटं हातपाय हलवून अंग गरम करून मगच बाहेर. घरघर झाली की तिथेच थांबायचं, रेटायचं नाही. घरात कुणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांनाही सांगा, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, अशात एकदम जोराचं काम नको.

उठा_पळा :

दम्याचं वाचलंच नव्हतं घाईत. मग सकाळ सोडा, बरोबर आहे.

खुर्चीवीर :

मी बैठं काम करतो म्हणून माझे दोन पैसे. फोन आला की उभा राहतो, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवलीय म्हणजे भरायला उठावं लागतं, लिफ्ट बंद. हसू येईल, पण १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हाइन या संशोधकांनी १६ जणांना ८ आठवडे रोज हजार कॅलरी जास्त खायला घातल्या, तर कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही आणि कुणाची ४ किलोच्या वर गेली. फरक कशाने, तर दिवसभरातल्या फुटकळ हालचालींनी, ठरवून केलेल्या व्यायामाने नाही. थंडीत नेमक्या याच हालचाली मरतात, आपण एका जागी गुरफटून बसतो.

आणि घरात उड्या कशाला? खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा, भिंतीवर जोर, पुस्तकं भरलेली बॅग उचलणं, हळूहळू उठाबशा. खालच्यांना पत्ता लागणार नाही.

पुन्हा_सुरू :

बापरे किती छान माहिती, सगळ्यांचे आभार! दुपारचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, सकाळी नाही जमलं की दिवस गेला असंच धरून बसले होते. आता दुपारी जेवून ऑफिसभोवती चक्कर, जिने, आणि घरी संध्याकाळी खायच्या आधी ते खुर्चीचं. डॉक्टरांची वेळ घेतलीय. काटेकोर, दुपारचं जेवण तुटपुंजं आहे हो, बरोबर पकडलंत.

एकच अजून, रस्ता निसरडा असेल त्या दिवशी काय करता?

झुळूक :

त्या दिवशी बाहेर नाही, जिने. जावंच लागलं तर लहान पावलं टाका, पूर्ण तळवा टेकवून, आणि खिशात हात घालून चालू नका, तोल गेला तर सावरता येत नाही. हातमोजे घाला.

पुन्हा_सुरू :

हातमोजे आहेत, पण एकाच हाताचा सापडतोय. शोधते.