चेनसॉने उभं झाड पाडायचंय, काय काळजी घ्यावी?

रानभूल:
शेताच्या कडेला एक वाळलेलं झाड आहे. बुंधा साधारण 45 सेंमी रुंद, थोडं एका बाजूला कललेलं. तोडायची परवानगी मिळाली आहे. पडलेले ओंडके चेनसॉने कापायची सवय आहे, पण उभं झाड कधी पाडलेलं नाही. हेल्मेट आणि गॉगल आहे. अजून काय घ्यावं? व्हिडिओ बघून उलट गोंधळ वाढलाय.

ओंडका:
आधी पायांचं बघा. चेनसॉसाठीची खास पँट किंवा चॅप्स मिळतात. कापड फाटलं की आतले लांब तंतू साखळीबरोबर ओढले जातात, स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि साखळी थांबते. बॅटरीवरचा चेनसॉ असेल तर मात्र त्यावर फार विसंबू नका, त्याची मोटर तंतूंना दाद देईलच असं नाही. कानाला मफ हवेतच, पेट्रोलच्या मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. साखळीला धार लावून घ्या. लाकडाच्या कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला की धार गेली समजा. मग माणूस जोर लावतो आणि तिथेच घात होतो.

रानभूल:
धन्यवाद. किकबॅक, किकबॅक म्हणतात ते नेमकं कशाने होतं?

ओंडका:
ज्या लांब पट्टीभोवती साखळी फिरते तो बार. त्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की साखळी तिथे अडते आणि अख्खा बार वर, तुमच्या तोंडाकडे उसळतो. सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीला खालून वेढा घालून हवा, नुसता वर टेकवलेला नको. चेन ब्रेक, म्हणजे साखळी झटकन थांबवणारा ब्रेक, लागतो का ते काम सुरू करण्याआधी बघा. आणि खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. शिडीवर चढून कापणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

पाचर:
सगळे मशीनचंच बोलताय, मला झाडाची जास्त भीती वाटते.
ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच, बुंध्याच्या पाव भागाइतकी खोल. तुमच्या झाडाला 11 सेंमी धरा. मग मागून, खाचेच्या कोपऱ्यापेक्षा किंचित वर, आडवा काप. पण आरपार नाही! मधे साडेचार सेंमीची पट्टी राखायची. हीच बिजागरी. झाड तिच्यावर वळत खाली येतं. ती कापलीत तर झाड कुठे जाईल ते झाडच ठरवणार. मागच्या कापात पाचर ठोकायची ती प्लास्टिकची. लोखंडी पाचरीला साखळी लागली तर दाते गेले.
पळायची वाट आधीच साफ करून ठेवा, मागच्या बाजूला पण तिरपी, 45 अंशांत. बुंध्याच्या थेट मागे उभं राहू नका, पडताना तो मागे सरकू शकतो. बाकी माणसं झाडाच्या दुप्पट उंचीइतकी लांब हवीत. मोबाइलवर शूटिंग करणारा पुतण्यासुद्धा.

सावली:
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त हे झाड वाळलेलं आहे याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वाळक्या लाकडाची बिजागरी चिवट नसते, मधेच कटकन तुटते. पाचर ठोकताना जे हादरे बसतात त्यांनी वरच्या वाळक्या फांद्या डोक्यात येतात. शिवाय कललेलं. कलाच्या दिशेने पाडताना मागचा काप अर्धवट असतानाच खोड उभं चिरून मागचा भाग सपकन वर येऊ शकतो. पहिलंच झाड असेल तर हे नको. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, बुंधा वाजवून बघा, आत पोकळ आहे का.

रानभूल:
आत्ताच वाजवून आलो. एका बाजूला चक्क ढोलासारखा आवाज येतोय.

पाचर:
मग सावली म्हणतात तेच खरं. पोकळ बुंध्यात बिजागरीला धरायला काही उरत नाही. माझे आकडे विसरा आणि जाणकार माणूस बोलवा.

रानभूल:
बोलावतो. झाड खाली आल्यावर फांद्या मी कापल्या तर चालेल ना?

सावली:
चालेल, पण वाकून ताणात अडकलेल्या फांद्या त्यांनाच सोडवू द्या. कापल्याबरोबर त्या चाबकासारख्या येतात.