होम थिएटरमध्ये आवाज चित्राच्या मागे पडतो: दोष नेमका कुठे शोधावा?

नाट्यरसिक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या हॉलमध्ये एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारे मुख्य उपकरण) आणि ५.१ स्पीकरसंच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) बसवलेला आहे. सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिक ही दोन्ही उपकरणे थेट टीव्हीला जोडलेली असून टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज एचडीएमआय एआरसीच्या केबलने जातो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर सगळे जुळलेले असते. रिसीव्हर सुरू केला की मात्र आवाज चित्राच्या मागे पडतो. क्रिकेटच्या सामन्यात चेंडू बॅटला लागून निघून गेलेला दिसतो आणि त्यानंतर टोला ऐकू येतो. चित्रित नाटके पाहताना याचा त्रास सर्वाधिक होतो, कारण नटाचा चेहरा आणि त्याची संवादफेक यांचा मेळच तुटतो.

रिसीव्हरच्या मेनूत ‘लिपसिंक’ हा पर्याय आहे. त्यातला आकडा शून्यावरून वाढवत नेला, तर अंतर कमी होण्याऐवजी वाढले. दुसरी तक्रार अशी, की बातम्यांसारखा साधा स्टीरिओ कार्यक्रम सगळ्या स्पीकरवर लावला, तर निवेदकाचा आवाज समोरून न येता सोफ्याच्या मागून येत असल्यासारखा वाटतो. समोरचे स्पीकर बसण्याच्या जागेपासून ३.४ मीटरवर आणि मागचे १.२ मीटरवर आहेत. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असावे का, आणि नवी उपकरणे न घेता यावर उपाय होऊ शकेल का?

ध्वनिवाट

दोन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत. मी पहिलीबद्दल सविस्तर लिहितो.

लिपसिंकचा पर्याय आवाजाला केवळ थांबवून ठेवू शकतो. जो आवाज अजून पोहोचलेलाच नाही, त्याला तो लवकर आणू शकत नाही. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आणि तोवर रिसीव्हरला थेट मिळालेला आवाज पुढे निघून जातो, अशा वेळी आवाजाला रोखण्यासाठी तो दिलेला असतो. तुमच्याकडे परिस्थिती नेमकी उलट आहे. म्हणून तो आकडा शून्यावरच ठेवा आणि आवाजाची वाट कुठे लांबते आहे ते शोधा.

ती वाट बहुधा टीव्हीच्या आतच लांबत असावी. टीव्हीला आपल्या चित्राला लागणारा वेळ ठाऊक असतो आणि तो स्वतःच्या स्पीकरचा आवाज तेवढाच रोखून धरतो, म्हणून तिथे सगळे जुळते. एआरसीने बाहेर जाणारा आवाजही काही टीव्ही तसाच रोखून पाठवतात आणि त्यावर रिसीव्हरचा स्वतःचा वेळ चढतो. त्यातच टीव्ही आलेला आवाज उलगडून पुन्हा डॉल्बी डिजिटलमध्ये (आवाज आकुंचित करून पाठवण्याच्या पद्धतीत) बांधत असेल, तर आणखी भर पडते. डॉल्बी डिजिटलचा एक तुकडा १५३६ नमुन्यांचा (आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांचा) असतो. सेकंदाला ४८,००० नमुने या हिशेबाने तो ३२ मिलिसेकंदांचा होतो, आणि निदान तेवढा आवाज जमा झाल्याशिवाय तुकडा बांधताच येत नाही.

त्यामुळे टीव्हीच्या ध्वनी-मेनूत डिजिटल आउटपुटसाठी ‘पास-थ्रू’ हा पर्याय असल्यास तो निवडा, म्हणजे टीव्ही आवाजाला हात न लावता तो पुढे पाठवेल. तिथेच डिजिटल आवाजाच्या विलंबाचा वेगळा आकडा असेल, तर तो शून्यावर आणा. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारे आणि आभासी सराउंड देणारे पर्याय बंद करा. गेम मोड लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने चित्राची प्रक्रिया कमी होऊन चित्र आणखी लवकर दिसू लागते. आवाज मागे असताना त्याने अंतर उलट वाढू शकते.

एवढ्याने भागले नाही, तर माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय जोडणी बदलण्याचा आहे. बॉक्स आणि स्टिक दोन्ही रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटना जोडा आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीकडे जाऊ द्या. मग आवाजाला टीव्हीत जाऊन परत यावे लागत नाही. तो आता थोडा पुढे पळाला, तर तुमचा लिपसिंकचा पर्याय खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. टीव्हीने आपला विलंब रिसीव्हरला स्वतःहून कळवण्याची सोय एचडीएमआयच्या १.३ या आवृत्तीत २००६ सालीच आली, परंतु एकाच आकड्यात चित्राच्या सगळ्या मोडचा विलंब नीट बसत नाही, म्हणून हाताने पडताळणी करावीच. तुमच्या टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) असेल, तर तेही वापरून पाहा. त्यात हा ताळमेळ साधण्याची सोय अनिवार्य आहे.

मोजमापासाठी पडद्यावर प्रकाश चमकतो त्याच क्षणी ‘टिक’ वाजते असा चाचणी व्हिडिओ त्याच स्टिकवरून लावा आणि बसण्याच्या जागेवरून फोनने सेकंदाला २४० चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने तो चित्रित करा. एक चौकट म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, त्यामुळे चमक आणि ‘टिक’ यांच्यातल्या चौकटी मोजल्या की अंतर कळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला, की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. निसर्गात आवाज नेहमी दृश्यानंतरच पोहोचतो, त्यामुळे मागे पडलेला आवाज आपण अधिक सहन करतो. तुम्हाला टोला उशिरा ऐकू येतो आहे, त्याअर्थी तुमचे अंतर या दुसऱ्या मर्यादेच्याही पलीकडे असावे.

मापपट्टी

दुसऱ्या तक्रारीबद्दल. तिचा चित्राशी काहीच संबंध नाही. स्पीकरांमधला आपापसातला वेळ जुळलेला नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला २.९ मिलिसेकंद लागतात. तुमचे मागचे स्पीकर २.२ मीटरने जवळ असल्यामुळे त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत सुमारे ६.४ मिलिसेकंद आधी पोहोचतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून इतक्या थोड्या फरकाने आला, तर मेंदू दोन आवाज ऐकत नाही. जो आधी आला त्याच्याच दिशेला तो सगळा आवाज नेऊन ठेवतो. संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला आणि नंतरचा आवाज बराच मोठा असला, तरी दिशा पहिल्याचीच वाटते असे दाखवले. त्यामुळे मागच्या स्पीकरचा आवाज नुसता कमी करून निवेदक पुढे सरकेलच असे नाही.

रिसीव्हरच्या मेनूत स्पीकरांची अंतरे पाहा. सगळ्यांपुढे एकच आकडा दिसला, तर ती कारखान्यातून आलेली मूळ मांडणी आहे असे समजा. टेपने मोजून प्रत्येकाचे खरे अंतर भरा, म्हणजे जवळच्या स्पीकरांना रिसीव्हर आपणहून तेवढे रोखेल. सबवूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) मात्र अपवाद आहे. मायक्रोफोनने आपोआप मोजणी केल्यावर सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त दाखवले जाते, कारण त्याच्या आतल्या फिल्टरला लागणारा वेळही रिसीव्हर अंतर म्हणूनच धरतो. तो आकडा चुकीचा वाटला, तरी बदलू नका.

नाट्यरसिक

दोघांचेही मनापासून आभार. अंतरांच्या मेनूत खरोखरच सगळीकडे एकच आकडा होता. खरी अंतरे भरताच निवेदक समोर आला. पास-थ्रूने विलंब कमी झाला, पण संपला नाही, म्हणून दोन्ही उपकरणे रिसीव्हरला जोडली. आता स्टिकवरची नाटके अगदी जुळून दिसतात. सेट-टॉप बॉक्सवर मात्र आवाज किंचित पुढे आहे. शिवाय स्टिकवरच्या एका अ‍ॅपमध्ये सुरुवातीला सगळे बरोबर असते आणि तासाभराने आवाज हळूहळू सरकू लागतो. याला कोणता आकडा द्यावा?

ध्वनिवाट

बॉक्ससाठी लिपसिंक १० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढवत न्या. अनेक रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी हा आकडा वेगळा जपून ठेवतात, त्यामुळे बॉक्सचे इनपुट निवडूनच तो बदला. स्टिकची मांडणी बिघडणार नाही.

सरकत जाणाऱ्या आवाजाला कोणताही स्थिर आकडा लागू पडत नाही, कारण तिथे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या गतीने चाललेले असतात. सेकंदाला २३.९७६ चौकटींचे चित्र २४ च्या गतीने दाखवले गेले, तरी तासाभरात साडेतीन सेकंदांहून अधिक फरक पडतो. व्हिडिओ क्षणभर थांबवून पुन्हा सुरू केल्यावर तो जुळत असेल, तर दोष अ‍ॅपचा किंवा स्टिकचा आहे, तुमच्या स्पीकरसंचाचा नाही. अ‍ॅप अद्ययावत करा, स्टिकच्या प्रदर्शन-मेनूत मूळ चौकटगती राखण्याचा पर्याय असल्यास तो सुरू करा आणि तेच नाटक पुन्हा तासभर चालवून पाहा.