सलग चार दिवस एकटा शूबर्ट: ऐकण्याची तयारी कशी करावी?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. येत्या जूनमध्ये मुलीकडे झुरिकला जाणार आहे आणि तिने ऑस्ट्रियातील श्वार्त्सेनबर्ग या गावी भरणाऱ्या, तिथल्या फ्रान्झ शूबर्ट या संगीतकाराच्या नावाच्या ‘शूबर्टियाडे’ महोत्सवाची चार दिवसांची तिकिटे काढली आहेत. सवाई गंधर्व महोत्सव मी आधी रमणबागेत आणि आता मुकुंदनगरला वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. पण तिथे एका सत्रातही कलाकार, घराणे, राग आणि वाद्ये बदलत राहतात. एकाच रचनाकाराभोवती बांधलेल्या महोत्सवात चार दिवस कान ताजे राहतात का, ही माझी खरी शंका आहे.

दुसरी अडचण भाषेची आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यातच एका छोट्या सभागृहात शूबर्टची ‘विंटररायझं’ (हिवाळ्यातला प्रवास) ही चोवीस गाण्यांची गीतमाला ऐकायला गेले होते. पहिले गाणे संपताच मी टाळ्या वाजवल्या आणि बाकीचे श्रोते स्तब्ध बसून राहिले. जर्मन येत नसल्याने पुढची तेवीस गाणी कानांवरून नुसती वाहून गेली, याची रुखरुख अजून आहे. या वेळी तसे होऊ नये यासाठी काय करावे?

प्रतिसाद १ (सहकारनगर)

कंटाळ्याची भीती मनातून काढून टाका. शूबर्ट १७९७ साली व्हिएन्नात जन्मला आणि १८२८ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक गीते लिहिली, आणि सिम्फनी, पियानो सोनाटा, स्ट्रिंग क्वार्टेट ही संपदा वेगळीच. हेर्मान प्राय या बॅरिटोन गायकाने १९७६ साली ऑस्ट्रियातल्याच होएनेम्स येथे हा महोत्सव सुरू केला, तेव्हा शूबर्टच्या सगळ्या रचना कालक्रमाने सादर व्हाव्यात असे त्याच्या मनात होते. आज तिथे इतरांच्या रचनाही होतात, त्यामुळे अगदी एकट्या शूबर्टचे चार दिवस तुमच्या वाट्याला येतील असे नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते महोत्सवाचे नाव. शूबर्टच्या हयातीत त्याचे मित्र कोणाच्या तरी घरी जमत, तो पियानोवर बसे, फोगलसारखा गायक गाई, आणि त्या संध्याकाळींना ‘शूबर्टियाडे’ म्हणत. केवळ स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल त्याच्या वाट्याला एकदाच आली, तीही मृत्यूच्या वर्षी, २६ मार्च १८२८ रोजी. म्हणजे हे संगीत मुळात घरगुती बैठकीचे आहे. श्वार्त्सेनबर्गचे लाकडी सभागृहही साधारण सहाशे आसनांचेच आहे; मुकुंदनगरच्या मंडपाची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

प्रतिसाद २ (प्रभात रोड)

मी बरीच वर्षे जर्मन शिकवते, त्यामुळे भाषेबद्दल लिहिते. ख्यालात बंदिशीचे शब्द कित्येकदा स्वरांना टेकायला पुरतात, इथे मात्र कविता आधी आणि सूर तिच्यामागून येतो. म्हणून प्रत्येक गाण्याचा अर्थ आदल्या दिवशी वाचून जावा, कार्यक्रम चालू असताना कागदात मान घालून बसू नये.

‘एर्लक्योनिग’ या गीतापासून सुरुवात करा. कविता जर्मन कवी गोएथेची, आणि शूबर्टने ती १८१५ साली, अठराव्या वर्षी स्वरबद्ध केली. निवेदक, घोड्यावरून आजारी मुलाला घेऊन चाललेला बाप, घाबरलेला मुलगा आणि त्याला भुलवणारा एर्लक्योनिग हा मायावी राजा, हे चौघेही एकच गायक उभे करतो. मुलाची हाक दर वेळी आणखी वरच्या सुरात येते, आणि पियानोवर उजवा हात एकाच सुराचे घाव घालत घोडा पळवत असतो.

प्रतिसाद ३ (डेक्कन)

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. अर्थ वाचावाच, परंतु आपल्या कानाला आधीच जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवण्याचे कारण नाही. ‘विंटररायझं’चे पहिले गाणे काढा. झोपलेल्या प्रेयसीच्या दारावरून प्रवासी रात्री निघून जातो आहे, पियानोत पावले पडत आहेत आणि गंधार कोमल आहे. शेवटच्या कडव्यात ‘तुझी झोप मोडणार नाही’ असे तो म्हणतो, आणि तिथे गंधार शुद्ध होतो. चाल तीच, पावले तीच. ही जागा कळायला जर्मन लागत नाही.

चोविसावे गाणे तर आपल्या अगदी जवळचे आहे. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला म्हातारा गारठलेल्या बोटांनी वाद्याचा दांडा फिरवतो आहे आणि त्याची थाळी रिकामी आहे. डाव्या हातात षड्ज-पंचम पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत नाही. मृत्यूपूर्वीच्या दिवसांत शूबर्ट अंथरुणावर याच गीतमालेच्या दुसऱ्या भागाची मुद्रिते तपासत होता.

टाळ्यांबद्दल मनाला लावून घेऊ नका. सव्वा तासाची ती गीतमाला एकसंध मानतात, म्हणून मध्ये दाद देत नाहीत. शेवटचा सूर विरल्यावर गायकाची मान वर येईपर्यंत थांबावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (कोथरूड)

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री अर्थ वाचून चोविसावे गाणे तीनदा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकताना तानपुरा त्या सुराला लावून शेजारी छेडत बसले होते. म्हाताऱ्याकडे कोणीच पाहत नाही, तरी ‘मी तुझ्याबरोबर येऊ का?’ असे प्रवासी त्याला विचारतो, तिथे माझा हात थांबला. आजपासून पहिल्या गाण्यापासून क्रमाने, रोज दोन याप्रमाणे ऐकणार आहे.