सात सह्यांत महासंघ होतो, शर्यत होत नाही

टेबलटॉप_पुणे (धागाकर्ता)
परवा इथंच एकानं लिहिलं: "पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरच्या डर्ट क्लबांनी, मातीतल्या मोटारसायकल शर्यतीवाल्यांनी, चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थेकडे डोळे लावून बसणं सोडावं. सात सह्या, एक घटना, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, झाला आपला महासंघ." वर धडाधड अंगठे. म्हणून लिहितोय.

सात सह्यांवर १८६० च्या कायद्याखाली भजनी मंडळसुद्धा होतं. महासंघ म्हणजे लेटरहेड नव्हे. शर्यतीचं लायसन्स कुणाचं चालणार? स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीतपासणीला, ओळखीच्या पोराची गाडी कोण अडवणार? कुणाचं हाड मोडलं तर विमा कंपनी कुणाचा कागद मानणार? चेन्नईची एफएमएससीआय, देशातल्या मोटरस्पोर्टची संस्था, १९७१ पासून आहे आणि एफआयएम, म्हणजे मोटारसायकल शर्यतींची जागतिक संस्था, एका देशातून एकच संस्था धरते. पोराला उद्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या, आशियाई स्पर्धेला पाठवायचं तर वाट तिथूनच जाते. तुमच्या महासंघाच्या लायसन्सवर तो फार तर फलटणपर्यंत जाईल.

उसाचं_रान
फलटणचाच आहे मी. बोला.

तुमच्या पुण्यातली किती पोरं आशियाई मोटोक्रॉसला गेली ते सोडा. आमच्याकडे ऊस तुटला की रान मोकळं होतं. रात्री टँकरनं पाणी मारायचं, पहाटे जेसीबीनं जम्प दाबायचे, दहाला पहिली हीट. शंभरातल्या नव्वद पोरांना एवढंच पाहिजे असतं. त्या नव्वदांचे नियम त्यांनीच का ठरवू नयेत? की नियम करायला पण पुण्याचा पिनकोड लागतो?

टेबलटॉप_पुणे
भावनिक होऊ नका. अशाच एका रानातल्या शर्यतीत माझ्या भावाची कॉलरबोन गेली. अँब्युलन्स होती, हो. आत डॉक्टर नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "मी फक्त गाडी चालवतो." ऑक्सिजनचा सिलिंडर होता, त्याचा पाना नव्हता. आयोजक बक्षीस समारंभात, गळ्यात हार.

काळा_कोट
दादा, वाईट झालं. पण तो मुद्दा डॉक्टरचा आहे, मक्तेदारीचा नाही.

ग्रीसचं प्रकरण बघा. २००० साली मोटोए नावाच्या संस्थेनं मोटारसायकल शर्यतींसाठी परवानगी मागितली. तिथल्या वाहतूक कायद्यानं एल्पाची संमती लागायची. एल्पा म्हणजे एफआयएमची ग्रीसमधली प्रतिनिधी, आणि स्वतःही शर्यती भरवणारी, प्रायोजक आणणारी. संमती आलीच नाही. मोटोए कोर्टात गेली. १ जुलै २००८ ला युरोपियन न्यायालयानं सांगितलं की जी संस्था स्वतः शर्यती भरवते तिच्या हाती, बंधन नाही, अपील नाही, अशा पद्धतीनं इतरांना संमती देण्याचा अधिकार ठेवता येणार नाही.

टेबलटॉप_पुणे
आठ वर्षं! तोवर नोव्हिसमधला, नवशिक्यांच्या गटातला पोरगा संसाराला लागतो. आणि तो निकाल आपल्या कोर्टाला फार तर वाचून दाखवाल, बांधील थोडाच आहे.

काळा_कोट
बांधील आहे असं म्हटलं कुणी? तर्क उसना घेता येतो. वाचल्यावर भांडा.

तांबडी_माती_टूस्ट्रोक
ग्रीस-बिस ठेवा बाजूला की वो. आधी लोकल क्लासचं, इथल्याच पोरांच्या गटाचं बोला! कोल्हापूर लोकलला पुण्याचा वरच्या गटातला एक्स्पर्ट उतरतोय, मामाच्या पत्त्यावरचं आधार दाखवून. आमची पोरं हप्त्यावर रस्त्यावरची साधी एक्सपल्स घेऊन येणार, आणि हा घरी खास शर्यतीची केएक्स ठेवून लोकलची ट्रॉफी उचलणार.

उसाचं_रान
आमच्याकडे पण तेच. पण मामाकडेच वाढलेला असेल तर?

तांबडी_माती_टूस्ट्रोक
मग शाळेचा दाखला आण म्हणावं.

टेबलटॉप_पुणे
ज्याला आदल्या मोसमात एक्स्पर्टला पोडियम मिळाला त्याला लोकल बंद. पत्ता कशाला बघायचा?

तांबडी_माती_टूस्ट्रोक
आणि त्याचा रेकॉर्ड कुणाकडं? प्रत्येक क्लबचा निकाल ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअपवर. प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, टाकला तर ऐकणारा आयोजकच, आणि पोरगा त्याच्याच गॅरेजचा! दोनदा प्रोटेस्टची फी बुडाली माझी.

टेबलटॉप_पुणे
म्हणजे वर कुणीतरी पाहिजे. हेच सांगतोय पहिल्यापासून.

उसाचं_रान
वर कुणीतरी म्हणजे आम्हीच मिळून, हे आम्ही सांगतोय पहिल्यापासून. शिकलेली माणसं तुम्ही, समजून घ्या.

मिडलंड्सचा_मराठी
मी इंग्लंडात राहतो. इथं एसीयू ही मोठी संस्था, एफआयएमकडे जाणारी. पण १९३२ पासून एएमसीए वेगळी आहे, हौशी रायडरांच्या क्लबांची. शेतात मोटोक्रॉस, झेंडे धरायला क्लबचेच लोक. तिथल्या कुणाला जागतिक स्पर्धेची पडलेली नसते. दोन्ही नांदतात.

टेबलटॉप_पुणे
इंग्लंडात रांगेतही नांदतात हो लोक. आपल्याकडे तिसऱ्या वर्षी दोन गट, दोघांचे चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात, आणि बँकेनं खातं गोठवलेलं. माझ्या सोसायटीच्या गणेश मंडळाचं अजून तसंच पडलंय.

काळा_कोट
हे मात्र खरं. निवडून आलेले बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. कुणी देत नाही, मग माझ्याकडे येतात. आणि "खाजगी रान आहे, परवानगी कशाला" म्हणणाऱ्यांनीही जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक जागेतल्या शर्यतीबद्दल आहे, कबूल. पण तिकीट लावून गाव आत घेतलंत की ती जागा खाजगीच, हे कोर्टात पटवायला घाम फुटेल.

टेबलटॉप_पुणे
बरं, करा महासंघ. माझा आशीर्वाद नको असला तरी घ्या. फक्त अध्यक्ष निवडायच्या आधी तीन कागद करा: सगळ्या क्लबांचं मिळून एक कॅलेंडर, स्क्रुटिनीचा एकच तक्ता, आणि डॉक्टर जागेवर आल्याची सही झाल्याशिवाय स्टार्टचं गेट पडणार नाही असा नियम. विम्याचा कागद आधी वकिलांना दाखवा.

उसाचं_रान
उशिरा का होईना, गाडी गिअरमध्ये पडली म्हणायची. कॅलेंडर आत्ताच सुरू करू. आमची जानेवारीचा दुसरा रविवार.

तांबडी_माती_टूस्ट्रोक
दुसरा आमचा आहे. टँकरवाल्याला इसार पण दिलाय.

उसाचं_रान
कुणाला विचारून?