कॉलेजचं नाव यादीत नव्हतं: एमबीएच्या अर्जांचे अनुभव

एमबीएचा अर्ज भरताना 'आपलं कॉलेज कोण ओळखणार?' या विचाराने ज्यांची झोप उडाली होती, त्यांनी जरूर लिहा. प्रवेश मिळाला नसेल तर आधी लिहा. 'जिद्द ठेवा' छापाचा उपदेश नको. नेमकं काय केलं, कुठे अडलं, कशाचा काडीइतका उपयोग झाला नाही, एवढंच हवंय. सुरुवात मीच करते.

ऑनलाइन अर्जात पदवीच्या रकान्यात कॉलेजांची यादी उघडते. मी नावाची पहिली चार अक्षरं टाकली, यादी कोरी. स्पेलिंग बदललं, तरी कोरी. शेवटी 'इतर' निवडून खालच्या चौकटीत नाव स्वतःच टाइप केलं आणि त्या चौकटीकडे बघत बसले. परीक्षेआधीच नापास झाल्यासारखं वाटत होतं.

त्या तिरमिरीत ऐच्छिक निबंधात पानभर कैफियत लिहिली. घरची परिस्थिती, हुकलेली प्रवेश परीक्षा, सगळं. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "अगं, तू माफी कसली मागतेयस?" मग सगळं खोडून पाच ओळी ठेवल्या: कॉलेज केवढं, गुण कोण देतं, आमच्याकडे गुण किती हात राखून देतात आणि वर्गात माझा क्रमांक कितवा. माझे 64 टक्के परक्या माणसाला बेताचेच वाटणार. आमच्या तुकडीत ते दुसऱ्या क्रमांकाचे होते. हे गुणपत्रिकेवर कुठेच लिहिलेलं नसतं. नामांकित कॉलेजांच्या मुलांसाठी हे काम त्यांच्या आधीच्या तुकड्यांनी करून ठेवलेलं असतं, आपलं आपल्याला करावं लागतं. दोन ठिकाणी नकार आला, तिसरीकडे प्रवेश मिळाला.

*

माझी पदवी इतिहासाची, गुणपत्रिकेत गणिताचा मागमूस नाही. त्यामुळे जीमॅट या एमबीए प्रवेश परीक्षेवर सगळी भिस्त. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या परीक्षेत तीन विभाग आहेत, प्रत्येकी 45 मिनिटांचे, आणि स्कोअर 205 ते 805 या पट्टीवर मिळतो. मला 655 मिळाले आणि मी दोन दिवस तोंड पाडून फिरत होतो, कारण ऑफिसातल्या एका सीनियरला पूर्वी 700 होते. नंतर कळलं की जुन्या 700 च्या तोडीचा स्कोअर नव्या पट्टीवर 645 च्या आसपास येतो! नवीन मुलांनो, जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करून रडू नका.

शिवाय हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनचा 'कोअर' हा कोर्स केला. त्यात अर्थशास्त्र, अकाउंटिंग आणि आकडेवारीचं विश्लेषण आहे. त्याने कॉलेजचं नाव झाकलं जात नाही, पण 'याला आकडे झेपतील का?' या शंकेला उत्तर मिळतं.

*

मला शिफारसपत्राने बुडवलं. कॉलेजचं नाव लहान, म्हणून पत्र तरी मोठ्या माणसाचं हवं, असं माझं गणित. कंपनीतल्या सगळ्यात वरच्या साहेबांना गाठलं. त्यांनी माझं काम जेमतेम पाहिलेलं. बऱ्याच बिझनेस स्कूलांच्या शिफारसपत्रात एक ठरलेला प्रश्न असतो: या उमेदवाराला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती आणि तिने ती कशी घेतली? साहेबांनी प्रेमाने लिहिलं, 'हिच्यात सुधारण्यासारखं काही नाही.' चारही ठिकाणी नकार.

पुढच्या वर्षी रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या टीम लीडला विचारलं. त्याने लिहिलं, की ही समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते. हटकल्यावर ती मीटिंगमध्ये आधी प्रश्न वहीत उतरवून घ्यायला लागली आणि मगच बोलायला. ती वही अजून आहे माझ्याकडे. त्या वर्षी दोन मुलाखती आल्या, एकीत जमलं.

*

'कॉलेजच्या नावाने काही फरक पडत नाही' असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या ठरावीक कॉलेजांत भरतीला जातात, म्हणजे पहिली नोकरीच वेगळी. तिथल्या मुलांचे निबंध तपासायला एमबीए केलेले सीनियर असतात. आमच्या कॉलेजातून असा अर्ज करणारा मीच पहिला, विचारणार कोणाला? ओळखपाळख नसताना मला हव्या त्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत असलेल्या अकरा जणांना मेल केले, दोघांची उत्तरं आली. त्यातल्या एकीने अर्धा तास फोनवर माझा रेझ्युमे ओळीओळीने सोलून काढला. 'जबाबदारी सांभाळली' दिसलं की विचारायची, "म्हणजे तू नक्की केलंस काय?" फरक आहेच, पण तो अर्ज वाचणाऱ्यांच्या खोलीत कमी आणि त्याआधीच्या वर्षांत जास्त असतो.

*

स्टॅनफर्डचा गाजलेला निबंध आहे ना, 'तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का?' त्यात मी कॉलेजची व्यथाच लिहिली. मुलाखतीलाही बोलावलं नाही. आज वाचताना मलाच कंटाळा येतो.

*

मी अजून अधांतरी आहे. दुसऱ्या फेरीत, जानेवारीत अर्ज केला, आता वेटलिस्टवर. यादीत माझंही कॉलेज नव्हतं आणि मी 'इतर' घेण्याऐवजी तसल्याच नावाचं दुसरंच कॉलेज निवडून ठेवलं होतं. अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री पुन्हा वाचताना दिसलं म्हणून वाचलो. आता माझाच प्रश्न: वेटलिस्टवरून कोणी आत गेलंय का? बिझनेस स्कूलला मधल्या काळातल्या बढतीचं कळवू, की बोलावतील तेव्हा बघू म्हणून गप्प बसू?